देणाऱ्याचा आनंद : ख्रिस्ती कारभारीपण आणि आपले अर्पण

पवित्र मिस्सेमध्ये श्रद्धावंतांची प्रार्थना संपते, गायकवृंद अर्पणगीत सुरू करतो आणि दानाची झोळी बाकांमधून फिरू लागते. हा क्षण आपल्यापैकी अनेकांना उपासनेतील मधल्या विसाव्यासारखा वाटतो. खिशात हात जातो, हाताला लागेल ते नाणे किंवा नोट झोळीत पडते आणि आपण पुन्हा प्रार्थनेकडे वळतो. वास्तविक आपण प्रार्थनेपासून दूर गेलेलोच नसतो. भाकर आणि द्राक्षारस यांच्याबरोबर गोरगरिबांसाठी व चर्चसाठी आणलेली ही दाने अर्पणविधीचाच भाग आहेत. इ. स. १५५ च्या सुमारास संत जस्टीन यांनी रोमन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले. त्यातही या दानाचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्यांची ऐपत आहे आणि ज्यांची इच्छा आहे ते देतात, जमलेले दान उपासनेच्या अध्यक्षाकडे ठेवले जाते आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची काळजी घेतो, असे ते सांगतात. म्हणजे आपली झोळी जवळजवळ चर्चइतकीच जुनी आहे.

मग आपण देतो ते कोणाचे? किती द्यावे? कशा मनाने द्यावे? आणि पैशाबरोबर आणखी काय द्यावयाचे असते? या प्रश्नांचा पवित्र शास्त्राच्या व चर्चच्या शिकवणुकीच्या प्रकाशात विचार करू या.

धनी आणि कारभारी

आपल्या मराठी भाषेत दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात : धनी आणि कारभारी. ज्याच्या मालकीचे सर्व काही असते तो धनी. धन्याच्या वतीने ते सांभाळतो, वाढवतो आणि वेळ आली की हिशेब देतो तो कारभारी. बायबलमधील कारभाऱ्याची कल्पना नेमकी हीच आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मानवाला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी (उत्पत्ती २:१५). बाग देवाचीच राहिली.

लेवीय ग्रंथात हे अधिक रोखठोक सांगितले आहे. जमीन कायमची विकू नये, कारण ती परमेश्वराची आहे आणि इस्राएल लोक त्याच्याकडे राहणारे उपरे व कुळे आहेत (लेवीय २५:२३). शेतकरी कुटुंबांतून आलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एके काळी आजोबांचे नाव होते, नंतर वडिलांचे आले, आज आपले आहे, उद्या मुलांचे येईल. जमीन तेथेच आहे, नावे बदलत गेली. १९४८ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक होण्याचा मार्ग खुला केला, ही न्यायाची गोष्ट झाली. परंतु देवासमोर आपण सारे कुळेच आहोत.

जे जमिनीचे, तेच बुद्धीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे आणि आयुष्याच्या दिवसांचे. संत पेत्र म्हणतो की, ज्याला जे कृपादान मिळाले आहे त्याने ते देवाच्या कृपेचा चांगला कारभारी म्हणून एकमेकांच्या सेवेसाठी वापरावे (१ पेत्र ४:१०). संत पौल कारभाऱ्याकडून एकच गुण मागतो : तो विश्वासू असावा (१ करिंथ ४:२). कॅथोलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो की, खाजगी मालमत्तेचा हक्क न्याय्य आहे, पण सृष्टीतील संपदा देवाने सर्व मानवजातीसाठी दिली आहे, आणि म्हणून मालमत्ता असलेला माणूस देवाच्या योजनेचा कारभारी ठरतो (क्र. २४०२ ते २४०४).

पौलाने जमविलेली मदत

ख्रिस्ती दानाविषयीचे नव्या करारातील सर्वांत सविस्तर विवेचन करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत आढळते. त्याची पार्श्वभूमी समजून घेतली म्हणजे या अध्यायांचा अर्थ उलगडतो.

यरुशलेममधील मूळ ख्रिस्ती मंडळी गरिबीत होती. सम्राट क्लौद्य याच्या कारकिर्दीत दुष्काळ पडला तेव्हा अंत्युखियातील शिष्यांनी बर्णबा व शौल यांच्या हाती मदत पाठविली होती (प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०). पुढे काही वर्षांनी पौलाने गलतिया, मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांमध्ये यरुशलेमच्या गरिबांसाठी मदत गोळा करण्याचे मोठे काम हाती घेतले. देणारे बहुतांशी यहुदीतर होते आणि घेणारे यहुदी. या दोन गटांमध्ये सुंता, भोजन आणि नियमशास्त्र यांवरून तीव्र मतभेद होते. त्यामुळे ही मदत पोटाच्या भुकेसाठी होती, तशीच दुभंगू पाहणाऱ्या चर्चला सांधण्यासाठीही होती.

करिंथकरांनी वर्षभरापूर्वी मोठ्या उत्साहाने होकार दिला होता, पण काम रेंगाळले. पौल त्यांना मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण देतो. फिलिप्पै, थेस्सलनीका येथील हे लोक स्वतः कमालीच्या दारिद्र्यात व छळात होते, तरी त्यांनी ऐपतीपलीकडे दिले. एवढेच नव्हे, तर या सेवेत आम्हालाही सहभागी करून घ्या अशी त्यांनीच विनंती केली. हे त्यांना कसे साधले? पौल उत्तर देतो : त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला देऊन टाकले होते (२ करिंथ ८:५). माणूस स्वतः दिला गेला की त्याच्या खिशातील पैसा अडून राहत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या दोन अध्यायांत पौल या दानाला साधा ‘पैसा’ म्हणत नाही. तो त्यासाठी जे ग्रीक शब्द वापरतो त्यांचे अर्थ आहेत कृपा, सहभागिता, सेवा, आशीर्वाद आणि उपासना. ‘लिटर्जी’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, तोच शब्द तो या मदतीसाठी योजतो (२ करिंथ ९:१२). आपण वेदीपाशी जी उपासना करतो आणि गरजवंताच्या दारी जी मदत नेतो, त्या दोन्ही त्याच्या दृष्टीने एकाच कुळातील आहेत.

करिंथकरांनी अखेर दिले का? होय. रोमकरांस पत्रात पौल आनंदाने कळवितो की, मासेदोनिया आणि अखया यांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी मदत केली (रोम १५:२६). मात्र त्याच ठिकाणी, ही सेवा यरुशलेमच्या बांधवांना मान्य व्हावी आणि आपले विरोधकांपासून रक्षण व्हावे म्हणून प्रार्थना करा, अशी विनवणीही तो करतो. त्याची भीती खरी ठरली. मदत घेऊन तो यरुशलेमला पोहोचला, तेथे मंदिरात त्याला पकडण्यात आले आणि मग वर्षानुवर्षांचा बंदिवास त्याच्या वाट्याला आला. दुसऱ्यांचे दान पोहोचविण्यासाठी त्याने स्वतःचे स्वातंत्र्य पणाला लावले.

मन मारून नको, भिडेखातर नको

याच पत्रात पौल सांगतो की, प्रत्येकाने आपल्या अंतःकरणात ठरविल्याप्रमाणे द्यावे, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो (२ करिंथ ९:७). ‘संतोषाने’ या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द ‘हिलारोस’ असा आहे. त्यात प्रसन्नता आहे, हसरा चेहरा आहे. हा विचार जुन्या करारातूनच आलेला आहे. सिराक ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायातही प्रत्येक दान प्रसन्न मुखाने करावे असा उपदेश आढळतो.

आनंदाच्या दोन शत्रूंची नावेही पौल सांगून टाकतो : खेद आणि सक्ती. मराठीत बोलावयाचे तर मन मारून देणे आणि भिडेखातर देणे. वर्गणी मागावयास चार प्रतिष्ठित माणसे दारी आली, शेजाऱ्याने किती दिले ते कळले आणि लाजेकाजेस्तव आपणही आकडा लिहिला, तर ते दान वाया जात नाही, गरजूंच्या कामी येतेच. पण देणाऱ्याचे हृदय मात्र कोरडे राहते. कोनशिलेवर नाव कोरले जावे म्हणून दिलेल्या दानाचीही तीच गत. अशा देणाऱ्याला त्याचे प्रतिफळ मिळून चुकले आहे असे प्रभू येशूनेच सांगून ठेवले आहे (मत्तय ६:१-४).

मग आनंद येतो कोठून? तो मनावर जोर देऊन आणता येत नाही. आपण आधी घेतलेले आहे या जाणिवेतून तो उमलतो. पौल करिंथकरांना ख्रिस्ताकडे पाहावयास सांगतो. तो धनवान असताना आपल्यासाठी दरिद्री झाला, आणि त्याच्या दारिद्र्याने आपण धनवान झालो (२ करिंथ ८:९). ज्याला हे उमगले तो देताना स्वतःला दाता समजत नाही. मिळालेल्यातील काही पुढे सरकविणारा समजतो. कारभाऱ्याला धन्याच्या कोठारातून देताना दुःख कशाचे होणार?

दशमांश की यथाशक्ती?

किती द्यावे, हा प्रश्न धर्मग्रामात नेहमी विचारला जातो. जुन्या करारात दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या भागाचा नियम होता. त्याचा उद्देशही स्पष्ट होता. अनुवाद ग्रंथानुसार दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांच्या तृप्तीसाठी राखून ठेवावयाचा असे (अनुवाद १४:२८-२९). त्याचबरोबर पहिल्या पिकाचे अर्पण होते. शेतकरी टोपली घेऊन याजकापुढे उभा राहून, आमचे पूर्वज परदेशात उपरे होते, गुलाम होते आणि देवाने आम्हाला ही भूमी दिली, असे बोलून दाखवीत असे (अनुवाद २६:१-११). मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाजात ऑक्टोबर महिन्यात साजरा होणारा आगेरा हा सण याच परंपरेतील आहे. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेल्या जातात आणि आशीर्वादित केल्या जातात. शेते कमी झाली, इमारती वाढल्या, तरी या विधीचा अर्थ जुना झालेला नाही. नोकरदाराच्या महिन्याच्या पगारालाही पहिली लोंबी असते.

कॅथोलिक चर्च आज दहा टक्क्यांची सक्ती करीत नाही. चर्चच्या पाच आज्ञांपैकी पाचवी आज्ञा सांगते की, श्रद्धावंतांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजांना हातभार लावावा (धर्मशिक्षणग्रंथ, क्र. २०४३). चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतील कलम २२२ मध्ये त्या गरजाही नमूद आहेत : उपासना, सुवार्ताकार्य व दयेची कामे आणि धर्मसेवकांचा यथायोग्य निर्वाह. त्याच कलमात सामाजिक न्यायाला चालना देणे आणि स्वतःच्या उत्पन्नातून गरिबांना साहाय्य करणे, हेही कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

ऐपतीप्रमाणे याचा अर्थ मात्र उरेल तेवढे असा नाही. पौल करिंथकरांना पद्धत घालून देतो : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे (१ करिंथ १६:२). म्हणजे दान आधी ठरवावयाचे आणि खर्च नंतर. दुसऱ्या बाजूने तो गरिबांनाही दिलासा देतो. आपल्याजवळ जे आहे त्या मानाने दिलेले मान्य होते, जे नाही त्याची अपेक्षा केली जात नाही. दुसऱ्यांना सुख आणि तुम्हाला ओझे असा आपला हेतू नाही (२ करिंथ ८:१२-१३). तेव्हा कर्ज काढून, मुलांच्या शिक्षणाला कात्री लावून देणगी देण्यास चर्च कोणालाही सांगत नाही. मात्र लग्नाच्या एका दिवसाच्या मंडपावर, वाजंत्रीवर आणि जेवणावळींवर काही लाख सहज खर्च करणाऱ्या घरांनी, त्याच आनंदाचा किती वाटा एखाद्या गरीब वधूवरांना दिला, हा प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा.

थोड्या थोड्यातून

मार्कच्या शुभवर्तमानातील गरीब विधवेने मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या टाकल्या (मार्क १२:४१-४४). त्या दोन नाण्यांची किंमत एका दिनाराच्या चौसष्टाव्या हिश्शाइतकी होती. दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. आठ तासांच्या कामाचा हिशेब धरला तर हे साडेसात मिनिटांचे मोल झाले. प्रभूने मोजले ते तिने काय टाकले यावरून नव्हे, तिच्याजवळ काय उरले यावरून. उरले काहीच नव्हते.

अशा लहान दानांतून केवढे कार्य उभे राहते याची साक्ष इतिहास देतो. फ्रान्समधील लियों शहरात पोलीन जारिको या तरुणीने रेशीम कारखान्यांतील कामगार स्त्रियांना हाताशी धरून एक साधी योजना आखली. प्रत्येकीने आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी लहान नाणे द्यावयाचे, रोज एक प्रार्थना म्हणावयाची आणि आणखी दहा जणांना जोडावयाचे. त्यातूनच १८२२ साली श्रद्धाप्रसार संस्था स्थापन झाली. १९२२ साली पोप अकरावे पायस यांनी तिला पोपमहोदयांच्या अखत्यारीतील संस्थेचा दर्जा दिला आणि १९२६ पासून ऑक्टोबरमधील शेवटून दुसरा रविवार जगभर मिशन रविवार म्हणून पाळला जाऊ लागला. जारिको स्वतः आयुष्याच्या अखेरीस कर्जबाजारी व विस्मृतीत गेलेल्या अवस्थेत १८६२ साली मरण पावल्या. २२ मे २०२२ रोजी लियों येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. मिशन रविवारी पाकिटात नोट घालताना त्या कामगार स्त्रियांची आठवण ठेवावी.

हा मार्ग आपल्या मातीलाही परका नाही. मिझोराममधील ख्रिस्ती घरांत शेकडो नव्हे, हजारो गृहिणी प्रत्येक वेळी भात शिजविताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. ‘मुष्टिफंड’ हा शब्द महाराष्ट्रानेही शाळा व वसतिगृहे उभारताना वापरलेला आहे. मुठीचे दान कोणाला जड होत नाही, आणि त्या घरातील मूल रोज पाहत असते की, आपल्या हंडीत शेजाऱ्याचाही वाटा आहे.

आज या स्वावलंबनाची निकड वाढली आहे. चर्चला परदेशातून हवा तेवढा पैसा येतो, ही समजूत अनेकांच्या मनात घर करून बसली आहे. वस्तुस्थिती तशी नाही. परकीय योगदान (नियमन) अधिनियम, २०१० मध्ये २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारावी लागते, ती दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली आहे. आदिवासी पाड्यावरील बालवाडी असो वा रुग्णांसाठी चालविलेले केंद्र असो, आपण दिले नाही तर ते दुसरे कोणी देईल, असे आता गृहीत धरता येणार नाही.

वेळेचे आणि कौशल्याचे दान

काही जणांकडे पैसा नसतो. काहींकडे पैसा असतो, पण धनादेश लिहून मोकळे होणे त्यांना सोपे वाटते. दोघांनाही प्रभू वेळ मागतो. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यांतील दोन तास म्हणजे शेकडा सव्वा भागही होत नाही. एवढ्या वेळात धर्मशिक्षणाचा वर्ग घेता येतो, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाशी गप्पा मारता येतात, निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसाठी कोणाला बँकेत नेऊन आणता येते, दहावीच्या विद्यार्थ्याला गणित शिकविता येते. बहुतेक धर्मग्रामांत तेच पाचसहा जण सर्व मंडळांवर राबताना दिसतात आणि शेवटी थकून जातात. हे ओझे वाटून घेणे हेही दानच आहे.

आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हे या बाबतीत आपले वडीलधारे आहेत. जपानमध्ये त्यांचा व्यापारात जम बसला होता. तो सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. जपानमधील वास्तव्यात शिकलेली भाषा त्यांनी पुढे सुवार्तेच्या कामी लावली आणि मिशनरी धर्मगुरूंचे दुभाषे म्हणून ते पुन्हा त्या देशात गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी रक्तसाक्ष दिली. जी भाषा व्यापारात नफा मिळवून देत होती, तीच त्यांचे अर्पण झाली. आपल्यातील लेखापाल, परिचारिका, सुतार, वीजतंत्री, शिक्षक यांनी आपल्या हातातील कलेकडे याच नजरेने पाहावे.

पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसमवेत सुरू केलेली संत व्हिन्सेंट दे पॉल संस्था आजही गरिबांच्या घरी जाऊन भेट देण्यावर भर देते. मदत पाठवून देता आली असती. परंतु उंबरठा ओलांडून शेजारी बसल्यावर जी ओळख होते, ती पाकिटाने होत नाही.

घेणाऱ्यांचे उत्तरदायित्व

विधवेच्या दानाची गोष्ट वाचताना आपण अनेकदा तिच्या आधीचे वचन विसरतो. विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर प्रभूने तेथेच कडक ताशेरे ओढले आहेत (मार्क १२:४०). देणाऱ्याचे औदार्य घेणाऱ्याची जबाबदारी वाढविते. म्हणूनच पौल मदतीची रक्कम एकट्याच्या हाती ठेवीत नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतो आणि स्पष्ट करतो की, प्रभूच्या दृष्टीने तसेच माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही करतो, जेणेकरून कोणी बोट दाखवू नये (२ करिंथ ८:१९-२१).

चर्चचा कायदा याच वाटेने जातो. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक मंडळ असलेच पाहिजे (कलम ५३७). विशिष्ट कामासाठी दिलेली देणगी त्याच कामासाठी वापरावी (कलम १२६७). श्रद्धावंतांनी दिलेल्या दानांचा हिशेब त्यांना देण्यात यावा (कलम १२८७). आणि गरिबीमुळे कोणीही साक्रामेंतांपासून वंचित राहू नये (कलम ८४८). हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे, आणि हिशेब मांडणे म्हणजे अपमान सोसणे नव्हे. दोघेही कारभारीच आहेत. सूचनाफलकावर वेळच्या वेळी लावलेला जमाखर्च हा औदार्याला दिलेला आदर आहे.

घरातून सुरुवात

या विचारांना कृतीची जोड देण्यासाठी कुटुंबाने एखाद्या संध्याकाळी रोझरीनंतर एकत्र बसावे. या महिन्यात देवाने आपल्याला काय काय दिले ते प्रत्येकाने सांगावे. त्यानंतर चर्चसाठी किती, गरजूंसाठी किती आणि आठवड्यातील कोणते दोन तास, हे मिळून ठरवावे. आकडा लहान असला तरी चालेल. तोबीतने आपल्या मुलाला हेच शिकविले होते की, थोडे असेल तर थोडे देण्यास भिऊ नये (तोबीत ४:८). मुलांच्या हाती त्यांच्या खाऊच्या पैशांतून वाटा काढण्याची छोटी पेटी द्यावी. अर्पण झोळीत टाकण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून, प्रभो, हे तुझेच आहे, असे मनात म्हणावे.

रानात इस्राएल लोकांनी मान्ना गोळा केला तेव्हा ज्याने जास्त गोळा केला त्याचे उरले नाही आणि ज्याने थोडा केला त्याला कमी पडले नाही. पौल हाच दाखला करिंथकरांपुढे ठेवतो (२ करिंथ ८:१५). साठवून ठेवलेल्या मान्न्याला सकाळी किडे पडत असत. वाटून खाल्लेल्या मान्न्यावर मात्र एक संपूर्ण प्रजा चाळीस वर्षे जगली. येत्या रविवारी झोळी आपल्या बाकापाशी येईल तेव्हा आपले नाणे, आपली वेळ आणि आपण स्वतः, हे सारे त्या भाकरीच्या व द्राक्षारसाच्या शेजारी ठेवण्याची कृपा परमपिता आपणा सर्वांना देवो.